पाळणामास्तरांचा उजवा पाय

पाळणामास्तरांच्या गाडीत माणसं झोपायची. ह्यात काय मोठंसं, असं म्हणू नका. सकाळच्या पाळीला निघालेले पंचवीस कामगार, कडक बाकं, खिडक्यांच्या फटींतून येणारं गार वारं, आणि तरीही कारखान्याचं फाटक येईस्तोवर निम्मी गाडी घोरत असायची. एकतीस वर्षं ह्या माणसाने लोकांना घरून उचललं आणि घरी सोडलं, पण एकदाही असा ब्रेक मारला नाही की कुणाचं कपाळ पुढच्या बाकावर आपटलं. एका फिटरने तर पैज लावून काठोकाठ भरलेला चहाचा कप मांडीवर धरून सगळा रस्ता काढला होता. सांडणारच, असं तो छातीठोकपणे सांगत होता. पँट कोरडी राहिली आणि पैज गेली. तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

ह्या सगळ्याचं मर्म त्यांच्या उजव्या पायात होतं. रस्ता ओला असला की ब्रेक दाबून धरायचा नाही, थोपटायचा. दाब, सोड, दाब, सोड. चाक अडकलं की गाडी घसरते, सोडलं की पुन्हा रस्ता धरते, एवढी साधी गोष्ट. जुन्या गाड्यांना हे शंभर टक्के लागू होतं, तेव्हा उगाच म्हाताऱ्याला नावं ठेवायला जाऊ नका. कारखान्यात नवा ड्रायव्हर आला की आधी महिनाभर मास्तरांच्या हाताखाली काढायचा. मास्तर रस्त्याकडे कमी आणि त्याच्या पायाकडे जास्त बघायचे, आणि तो जरा रेटून ब्रेकवर उभा राहिला की ओरडायचे, "अरे, झुरळ मारतोयस का? थोपट त्याला!"

लेकीलाही त्यांनीच शिकवलं. कारखान्याच्या मागे गाड्या धुवायची मोठी फरशी होती, साबणाच्या पाण्याने कायम बुळबुळीत. सुट्टीच्या दिवशी तिथे चिटपाखरू नसायचं. घरची जुनी गाडी घेऊन बापलेक तिथे जायचे. ती अठराची, हाताने धडपडी आणि तोंडाने फटकळ. पहिल्याच दिवशी गाडी गर्रकन फिरली आणि जिथून आली होती तिकडेच तोंड करून उभी राहिली. लेक हसत सुटली. मास्तर रागावले, मग तेही हसले, मग हसलो म्हणून पुन्हा रागावले. पुढे तीन महिने त्यांनी तिच्याकडून ते घोटून घेतलं. गाडी उभी करायची, तिला डोळे मिटायला लावायचे, आणि हे शेजारी बसून डॅशबोर्डवर बोटांनी ताल धरणार. तिने तो पायाने उचलायचा. शेवटी तो पाय असा तयार झाला की डोक्याला विचारायला जातच नसे. "पाय माझ्यावर गेलाय हिचा," असं ते घरी सांगायचे. नाक कुणावर गेलंय ह्यावरून नवराबायकोत आधीच वाद होता, त्यात हा आणखी एक.

पुढे ती एका मोठ्या लाँड्रीत व्हॅनवर लागली. रुग्णालयांच्या चादरी आणि टॉवेल न्यायचे, धुऊन परत पोचवायचे. चार वर्षं चालवली, व्हॅनला ओरखडा नाही. बापाला कोण आनंद! चहाच्या टपरीवर कुणी विचारो न विचारो, हे आपले सांगत सुटायचे.

आणि मग सात महिन्यांपूर्वी ते झालं. सकाळचे दहा वाजले होते. भुरभुर पाऊस, रस्त्यावर झाडांच्या पानांचा राडा. एका उभ्या ट्रकच्या आडून एक म्हातारे गृहस्थ, हातात दुधाची पिशवी, झटकन रस्त्यात आले. तिचा वेग बेताचाच होता. तिने ब्रेक मारला. व्हॅन थांबली, पण ते उभे होते त्याच्या चार पावलं पुढे जाऊन थांबली. चार पावलं हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. दुसऱ्या दिवशी मास्तर स्वतः तिथे गेले होते आणि भर रहदारीत, लोकांच्या शिव्या खात, त्यांनी ती मोजली होती. म्हातारे तिसऱ्या दिवशी गेले. चौकशी झाली. वेग ठीक, रस्ता निसरडा, माणूस आडून आलेला, चालकाचा दोष नाही, असा कागद मिळाला.

कागदाने कुणाला झोप लागलीय का कधी? लेक घरी येऊन बसली ती बसलीच. ताटावर यायची, दोन घास चिवडायची आणि उठायची. ज्या पोरीच्या तोंडाला आख्खी लाँड्री टरकून असायची, तिच्या तोंडातून शब्द फुटेना. बाहेर रस्त्यावर कुणी करकचून ब्रेक मारला की खांदे आखडून घ्यायची. बोललीच तर बापाशी, आणि तेही एकच.

"बाबा, मी ब्रेक बरोबर मारला ना?"

"कसा मारलास?"

"तुम्ही शिकवलात तसा."

"मग बरोबरच मारलास. त्याच्या वर कुणाच्या बापालाही काही करता आलं नसतं. रस्ताच तसला होता, तू काय करणार?"

हे जवळजवळ रोजचं. ती ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि थोडी सैल व्हायची. मास्तरांना ते दिसायचं. एवढ्या एका वाक्यावर पोर तग धरून आहे, हे त्यांना कळत होतं, म्हणून ते कधी कंटाळले नाहीत. उठ, आवर, बाहेर पड, गाडीला हात लाव, असं सात महिने मागे लागले. आणि गेल्या आठवड्यात ती आपणहून म्हणाली, "लाँड्रीवाल्या बाईंना फोन केला. सोमवारपासून येते म्हटलं." आई स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडली. मास्तरांनी लेकीचे धूळ खात पडलेले बूट काढले आणि चकचकीत करून दाराशी ठेवले.

नेमक्या त्याच आठवड्यात कारखान्याने नव्या गाड्या घेतल्या. जुन्या सोमवारी भंगारात जाणार होत्या. फर्मान निघालं की सगळ्या ड्रायव्हरांनी शुक्रवारी आणि शनिवारी निसरड्या रस्त्यावरचं प्रशिक्षण घ्यायचं, आणि पास झाल्याशिवाय नव्या गाडीला हात लावायचा नाही. मास्तरांना हसूच आलं. निसरडा रस्ता! अहो, अर्ध्या ड्रायव्हरांना ते त्यांनीच शिकवलेलं. तरी गेले बिचारे, शर्टाला इस्त्री करून.

प्रशिक्षणाची जागा म्हणजे शहराबाहेरची एक बंद पडलेली धावपट्टी. मधोमध गुळगुळीत लेप दिलेला लांब पट्टा, त्यावर दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून पाणी सोडलेलं, कडेला नारिंगी कोन. गाडीत माणसांच्या जागी वाळूची पोती, त्यांनाही पट्टे बांधलेले. मास्तरांच्या जोडीला ढोल होता. हा ढोल म्हणजे कारखान्यातला सगळ्यात दांडगट ड्रायव्हर. पोटावरून नाव पडलं असलं तरी गाडी चालवण्यावरूनही शोभलं असतं. पोत्यांकडे बघून तो म्हणाला, "मास्तर, आजचे प्रवासी शहाणे दिसतात. हळू चालवा म्हणून एकजण कटकट करणार नाही."

शिकवणारी बाई तिशीतली होती, गळ्यात शिट्टी, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. आधी तिने घसरलेली गाडी सावरायला शिकवली. गाडीचं मागचं अंग उजवीकडे पळालं तर स्टिअरिंगही उजवीकडे, पण हलकं, आणि गाडी सरळ व्हायला लागली की लगेच परत. आणि नजर कोनाकडे न्यायची नाही. "ज्याला धडकायची भीती वाटते त्याच्याकडे बघाल तर त्याच्यावरच जाल. जिथे जायचंय तिकडे बघा, हात आपोआप जातात." ढोल तीनदा गोल फिरून गवतात गेला. मास्तरांनी मात्र पहिल्याच फेरीत गाडी अशी अलगद सरळ केली की बाईने शिट्टी तोंडातून काढली. "वा, काका! तुम्हाला मी काय शिकवणार?" मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ते शेवटचंच, हे त्यांना काय ठाऊक.

चहानंतर ब्रेकची पाळी आली. बाई म्हणाली, "चाळीसच्या वेगाने पट्ट्यावर या, पहिल्या कोनापाशी ब्रेक मारा. पूर्ण दाबायचा आणि गाडी उभी राहीपर्यंत उचलायचा नाही."

"दाबून धरायचा? ओल्यात?" मास्तरांना वाटलं, पोरगी बोलताना चुकली.

त्यांनी आपला नेहमीसारखा थोपटला. गाडी नाकासमोर सरळ गेली, एक पोतं हललं नाही. उतरून ते कौतुकाची वाट बघत उभे राहिले. बाईने ढोलला हात केला. मग ढोल गेला. ढोलला जन्मभर ब्रेकवर नाचायची खोड. त्याने ढुंगण सीटवरून उचलून ब्रेक असा हाणला की मास्तरांनी डोळे मिटले. डोळे उघडले तर गाडी त्यांच्यापेक्षा कितीतरी अलीकडे, सरळ, गप्प उभी.

"बरोब्बर!" बाई ओरडली. ढोललाच खरं वाटेना. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणी बरोबर म्हणत होतं.

मास्तर पुन्हा बसले. ह्या खेपेला त्यांनी पूर्ण दाबला. आणि पेडल पायाखाली धडधडायला लागलं, खालून कुणी हातोडीने ठोकावं तसं. झटक्यात त्यांचा पाय वर आला.

"का उचललात?"

"बाई, आत काहीतरी तुटलंय."

ढोल पोट धरून हसला. बाई हसली नाही. तिने समजावून सांगितलं, काका, तुटलेलं काही नाही. तुम्ही पायाने जे थोपटता ते ह्या गाड्यांमध्ये यंत्र करतं, सेकंदाला कितीतरी वेळा, कुठल्याही माणसापेक्षा भरभर. ते पायाला जाणवतं एवढंच. तुम्ही मधे पाय उचललात की त्याचं काम बंद पडतं, आणि तेवढी गाडी पुढे जाते.

मास्तर खाली बघत उभे होते. मग त्यांनी विचारलं, "हे फक्त ह्याच गाड्यांना? की छोट्या व्हॅनना पण?"

"सगळ्यांना. हल्ली ह्याच्याशिवाय गाडी येतच नाही. का हो?"

ते तसेच वळले आणि पट्ट्यावर उतरले. बूट पाण्यात, पँटचे काठ भिजलेले, ढोल जिथे थांबला होता तिथून ते स्वतः जिथे थांबले होते तिथपर्यंत ते चालत गेले. सात पावलं. पुन्हा मागे आले आणि पुन्हा मोजली. सातच. त्या म्हाताऱ्या गृहस्थांना चार पुरली असती. अगदी चार नाही, तर थोडी जास्त म्हणू. मास्तर त्या पाण्यात तसेच उभे राहिले आणि बाईने दोनदा शिट्टी वाजवली तरी हलले नाहीत. त्यांनीच मारलं होतं त्या माणसाला. लेकीचा पाय नुसता मधे होता.

शनिवारी परीक्षा झाली. प्रत्येकाला बारा फेऱ्या, त्यातल्या नऊ जमल्या की पास. तुम्हाला वाटेल, आता तर कळलं होतं, मग अडचण कसली? मास्तरांनाही तसंच वाटलं. दातओठ खाऊन, मनाशी घोकत ते पट्ट्यावर आले, धरायचा, धरायचा, धरायचा. पेडल धडधडलं आणि पाय वर. दुसऱ्या फेरीला त्यांनी डाव्या हाताने मांडी दाबून धरली. तरी वर. सहाव्या फेरीला त्यांना रडू फुटलं, रागाने, स्वतःच्याच पायावर. एकतीस वर्षं ज्या पायाची शेखी मिरवली तो आता धन्याचं ऐकेना. बारापैकी एकही जमली नाही. ढोल बाराच्या बारा पास झाला. बाईने हळूच सांगितलं, "काका, असं होतं. डोक्याला कळतं, पायाला कळायला वेळ लागतो. दोन महिन्यांनी परत या." तिने कागदावर 'नापास' लिहिलं आणि तो उलटा करून त्यांच्या हातात दिला.

संध्याकाळी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात थांबले.

"तिला सांगायचं नाही," ती म्हणाली.

"सांगितलं नाही तर परवा तोच पाय घेऊन ती रस्त्यावर जाणार. पुन्हा कुणी आडवं आलं तर?"

"आणि सांगितलंत तर? सात महिने तुमच्या एका शब्दावर जगलीय ती. आत्ता कुठे पोरीला भूक लागायला लागलीय. काल तिने मागून जेवण घेतलं, मागून! तुम्हाला तुमचं ओझं उतरवायचंय म्हणून तिच्या डोक्यावर देणार?"

"ओझं उतरवायचं नाहीये गं मला."

"मग मूग गिळून बसा."

एवढं बोलून ती पुन्हा भाजी निवडायला लागली, पण चांगली पानं टाकत होती आणि किडकी ठेवत होती. थोड्या वेळाने तिचं तिलाच दिसलं. "सांगा," ती म्हणाली. "पण मी घरात असताना सांगू नका. मला नाही बघवायचं."

रविवारी दुपारी ती बहिणीकडे गेली. लेक खिडकीपाशी बसून कामावरच्या शर्टाचं बटण लावत होती. मास्तर समोर स्टूल ओढून बसले. बोलायचं ते त्यांनी सकाळपासून जुळवून ठेवलं होतं, पण तोंड उघडल्यावर सगळं उलटंपालटं झालं. आधी पोती, मग ढोल, मग सात पावलं, मग एकदम, "मी तुला चुकीचं शिकवलं गं. त्या व्हॅनला ते चालत नव्हतं. दाबून धरायला हवा होता. तू माझं ऐकलंस म्हणून ते गेले. तुझी चूक नाही, माझी आहे. माझी आहे."

लेकीने दोरा दाताने तोडला. ती दचकली नाही, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

"मला माहीत होतं, बाबा."

"काय?"

"लाँड्रीत पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. पूर्ण दाबायचा आणि सोडायचा नाही. परीक्षाही घेतली होती, मी पहिली आले होते. ठरवून करताना जमायचं. त्या दिवशी ते आजोबा दिसले आणि पायाने मला काही विचारलंच नाही."

मास्तरांनी स्टूल आणखी पुढे ओढलं. "मग सात महिने मला का विचारत होतीस? बरोबर मारला ना, बरोबर मारला ना म्हणून?"

"तुम्हाला कळलंय का, ते बघत होते." तिने शर्ट मांडीवर सारखा केला. "नव्या गाड्या येणार म्हणून तुम्हीच सांगायचात. रोज वाटायचं, आज कुणीतरी ह्यांना सांगितलं असेल. तुम्ही बरोबर मारलास म्हणालात की सुटल्यासारखं व्हायचं. अजून कळलं नाही, चला, आजचा दिवस गेला. तुम्हाला कळू नये एवढंच मला हवं होतं."

म्हणजे ज्या वाक्यावर पोर जगतेय असं बापाला वाटत होतं, त्या वाक्यावर ती बापाला जगवत होती. मास्तरांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. लेकीने त्यांचे हात ओढून बाजूला केले, लहानपणी करायची तसे नाही, जरा जोरानेच.

"बाबा, एक खरं सांगा. काल तुम्हाला जमलं का? दाबून धरायला?"

खोटं बोलायची ही वेळ होती, आणि ती त्यांना दिसत होती. हो म्हटलं असतं, शेवटी शेवटी जमलं म्हटलं असतं, तर पोर उद्या उठून गेली असती. आणि मग परवा, तेरवा, कधीतरी, पानांच्या राड्यात, कुणीतरी आडून आलं असतं.

"बारा वेळा केलं," ते म्हणाले. "एकदाही नाही."

"माहीत असून?"

"माहीत असून."

तिने मांडीवरचा शर्ट घडी करून बाजूला ठेवला. बापाच्या पायाला जमलं तर आपल्याही पायाला जमेल, अशी तिला आशा होती, हे आत्ता त्यांना कळलं.

"मग मला पाठवू नका, बाबा," ती म्हणाली.

सात महिने उठ, जा, हात लाव म्हणून तिच्यामागे लागलेला बाप मान खाली घालून बसला.

"नाही पाठवत," मास्तर म्हणाले.

तिने लाँड्रीत फोन केला, येत नाही एवढंच सांगितलं आणि ठेवला. आई परत आली तेव्हा दोघं तिथेच बसलेली होती, दिवा न लावता. सोमवारी त्या घरातून कामावर कुणी गेलं नाही.